कॉल लागला का स्क्रीन काळी होते, मंग कटबी करता येत नाई. उपाय सांगा राजेहो

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)

रामराम मंडळी. माह्या फोनले पंधरा-वीस दिवस झाले एकच बिमारी लागली हाय. कोणाले फोन लावला का घंटी जाच्या आधीच स्क्रीन काळी. आवाज बराबर येते, माहाबी तिकडे जाते, पण फोन कट करता येत नाई, स्पीकर लावता येत नाई, आकडे दाबता येत नाई. बाजूचं बटण दाबलं तं एकडाव उजेड मारते न लगेच बंद. समोरच्यानं ठेवला का आपोआप येते स्क्रीन, नाई तं बसा तसंच. परवा पुतण्याले लावला, त्यानं बोलून झाल्यावर फोन तसाच खिशात टाकला, तं सोळा मिनिटं कॉल चालूच रायला, मी इकडे फोन हातात धरून बसलो.

हे बी चालून गेलं असतं. पण गेल्या बाजारात माहं एटीएम कार्ड पडलं. बँकेच्या टोल फ्रीले लावला कार्ड बंद करासाठी, तिकडून बाई सांगते मराठीसाठी हे दाबा, कार्डासाठी ते दाबा. आता दाबावं कुठं बाप्पा, समोर पुरा अंधार. तीनदा लावला, तिन्ही डाव तसंच. शेवटी शेजारच्या पोराच्या फोनवरून केलं, तवर पाऊण घंटा गेला न माहा जीव नुसता वर-खाली. पैसे वाचले, पण त्या पाऊण घंट्याची धास्ती अजून गेली नाई.

इथल्या एका दुकानात दाखवला. त्यानं एक मिनिट पाह्यला न म्हणे फोल्डर (म्हंजे काच न डिस्प्ले मिळून पुरी स्क्रीन) गेला, २,८०० रुपये लागतीन. कापूस अजून घरातच हाय, २,८०० कुठून काढू. खरंच फोल्डर गेला असन का? कोणाचं असं झालं असन तं सांगा.

धुऱ्यावरून (मंगरूळपीर)

भाऊ माह्या भावाच्या फोनले असंच होत होतं, त्यानं फोन पुरा रिसेट मारला. दोन दिवस चांगला चालला असं म्हणे, मंग पुन्हा तेच. फोटो गेले ते गेलेच, पोरीच्या बारशाचे होते. म्हणून म्हणतो रिसेट मारायच्या आधी विचार करा.

दुरुस्ती_टेबल (दिग्रस)

मी बारा वर्षं मोबाईल रिपेअरिंग करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. लांब होईल, पण पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट, रिसेट अजिबात मारू नका. दुसरी, फोल्डर गेला हे मला पटत नाही. फोल्डर खराब असता तर व्हॉट्सॲप पाहताना, व्हिडिओ पाहतानाही स्क्रीन गेली असती, रेघा आल्या असत्या, टच अडकला असता. तुमची स्क्रीन फक्त कॉलमध्येच जाते आणि कॉल संपला की स्वतःहून येते, म्हणजे स्क्रीन खराब नाही, तिला कोणीतरी बंद राहायला सांगतंय. तो सांगणारा म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सर.

फोनच्या वरच्या बाजूला, कानाला लावायच्या स्पीकरच्या जवळ, बारीक दोन ठिपके असतात, नवीन फोनमध्ये ते काचेच्या कडेच्या फटीत असतात. टॉर्च तिरपी मारली की दिसतात. एका ठिपक्यातून इन्फ्रारेड उजेड बाहेर पडतो, आपल्या डोळ्याला न दिसणारा. समोर कान किंवा गाल आला की तो उजेड आपटून परत येतो आणि दुसरा ठिपका तो पकडतो. उजेड परत आला म्हणजे फोनला समजतं की कानाला लावलाय, स्क्रीन बंद करा. हे नसतं तर बोलता बोलता गालाने म्यूट दाबलं गेलं असतं, कॉल कट झाला असता. चांगली सोय आहे, पण ठिपक्यांवर काही आलं की उजेड तिथल्या तिथेच आपटून परत जातो आणि फोनला वाटतं की कान आहे. तुम्ही फोन टेबलावर ठेवला तरी त्याच्या हिशेबाने तो कानालाच लावलेला आहे.

आता मला तीन गोष्टी सांगा. टफन ग्लास, म्हणजे स्क्रीनवर चिकटवायची जास्तीची काच, कधी लावली? फोन याआधी कधी उघडला होता का, डिस्प्ले बदलला होता का? पाण्यात भिजला का? आणि मॉडेल मला मेसेजमध्ये पाठवा.

पऱ्हाटीवाला

भाऊ, उघडला नाई कधीच. भिजलाबी नाई. टफन मात्र बाजारात लावली, ५० रुपयात, काळ्या बॉर्डरवाली. आता तुम्ही विचारलं तवा हिशेब केला तं वीस-बावीस दिवस झाले. म्हणजे त्याच्या नंतरच हे सुरू झालं म्हणा की. पण काच तं वरून हाय, फोनच्या आत थोडीच गेली, म्हणून माह्या ध्यानातच नाई आलं.

दुरुस्ती_टेबल

मॉडेल पाहिलं, त्यात ठिपक्यांचा सेन्सरच आहे. दहातले निम्मे फोन माझ्याकडे याच कारणाने येतात. काळ्या बॉर्डरवाली काच बहुतेक वेळा दुसऱ्याच मॉडेलची असते, साइज जुळली की दुकानदार लावून देतो. सेन्सरच्या जागी भोक नसतं किंवा भोक दोन मिलिमीटर सरकलेलं असतं, आणि दोन मिलिमीटर इथे पुष्कळ झाले.

काच काढायच्या आधी मात्र एक टेस्ट करा, म्हणजे अंदाजावर काही राहणार नाही. सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर डायलरमध्ये *#०*# टाकलं की टेस्टचा मेनू उघडतो, त्यात सेन्सरवर जा, ठिपक्यांवर हात आणला की पडदा हिरवा होतो आणि फोन थरथरतो. शाओमी, रेडमीवर *#*#६४८४#*#* टाकलं की यादी येते, त्यात प्रॉक्सिमिटी शोधा. कोड चालला नाही तर प्ले स्टोअरवरून सेन्सर दाखवणारं साधं ॲप घ्या. बऱ्याच फोनमध्ये हात लांब असताना ५ आणि जवळ आणला की ० दिसतं, तो आकडा सेंटिमीटरचा. तुमचा हात लांब असताना पण ० वरच अडकला असेल तर चोर सापडला.

आणि आज रात्रीच कोणाला फोन करायची गरज पडली तर कॉल लावायच्या आधी इअरफोन टोचून घ्या. इअरफोन, ब्लूटूथ किंवा स्पीकर चालू असला की फोन या सेन्सरकडे पाहतच नाही, स्क्रीन चालू राहते आणि आकडेही दाबता येतात. बँकेच्या वेळी हे माहीत असतं तर तुमचा पाऊण तास वाचला असता, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आशा_कामावर (घाटंजी तालुका)

दादा, मी सहसा लिहीत नाही, पण हा धागा पाहून राहवलं नाही. मी गावात आशा सेविका आहे, आमचं गाव मेन रोडपासून आत आहे. माझ्या फोनचं अगदी हेच आहे जूनपासून. मागच्या महिन्यात रात्री एका बाईला कळा सुरू झाल्या, मी १०२ ला फोन लावला, तिकडून विचारलं की तिच्या नवऱ्याचा नंबर द्या, तारीख कोणती दिली होती ते सांगा. ते सगळं माझ्या फोनमध्येच लिहिलेलं, आणि फोन काळा. कट करून पुन्हा पाहावं म्हटलं तर कटही होत नव्हता. घरातल्या एकीचा साधा बटणाचा फोन होता त्याच्यावरून पुन्हा लावला. गाडी आली, बाळ-बाळंतीण चांगले आहेत. पण तेव्हापासून रात्रीचा फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो.

माझा फोन मे महिन्यात पडला होता, डिस्प्ले बदलून घेतला, त्यानंतर हे सुरू झालं. टफन काढून पाहिली, काही फरक पडला नाही. सकाळी उन्हात कधी बरा चालतो, घरात आलं की पुन्हा तसाच. माझं वेगळं आहे का?

झेडपी_शाळा (वर्धा जिल्हा)

ताई, तुमचं उत्तर दुरुस्तीवाले भाऊ नीट देतील. तोवर एक टेस्ट सांगतो, ती मी शाळेत पोरांना टीव्हीच्या रिमोटवर दाखवतो. रिमोटच्या पुढच्या दिव्याकडे मोबाईलचा कॅमेरा धरून बटण दाबलं की कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो, डोळ्याला काहीच दिसत नाही. पोरं टाळ्या वाजवतात. तोच इन्फ्रारेड उजेड या सेन्सरमध्ये आहे. तुमच्या फोनवरून कॉल लावा, अंधाऱ्या खोलीत बसा आणि दुसऱ्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून स्पीकरच्या आजूबाजूला पाहा. मागचा कॅमेरा हा उजेड बराच गाळून टाकतो म्हणून सेल्फीचा वापरा. ठिपका दिसला तर सेन्सर उजेड फेकतोय हे नक्की झालं. तो एका जागी टोकदार दिसतो की काचेखाली पसरलेला दिसतो तेही बघा. काही फोनच्या कॅमेऱ्यात मुळीच दिसत नाही, तेव्हा दिसला नाही म्हणून घाबरू नका.

अजून एक, सगळ्या फोनमध्ये ठिपके नसतात. २०१६ साली शाओमीच्या मी मिक्स फोनमध्ये ठिपके काढून अल्ट्रासाउंड वापरला होता. वटवाघूळ जसं आवाज फेकून पुढचं ओळखतं तसंच, आपल्याला ऐकू न येणारा आवाज फेकायचा आणि माइकने परत ऐकायचा. आता कमी किमतीच्या काही फोनमध्येही अशी युक्ती असते. अशा फोनमध्ये काच काढून उपयोग नाही, तिथे स्पीकरची जाळी आणि माइकचं भोक साफ पाहिजे.

रुई_आणि_सरकी (हिंगणघाट)

जाळीवरून आठवलं. मी जिनिंगमध्ये कामाले हाय, सीझनमध्ये आमच्या फोनच्या जाळीत रुईचे तंतू इतके जातात का पुढच्याचा आवाज तोंडात फडकं धरल्यासारखा येते. काच न फोन याच्या मधातबी तंतू जाऊन बसतात, सोयाबीनच्या मळणीतल्या भुश्याचंबी तेच. ते एका बाजूनं घुसतात न घामानं तिथंच चिकटतात. मी मऊ ब्रशनं, म्हणजे लहान पोरांचा दात घासाचा नवा ब्रश घेऊन, फोन उलटा धरून झटकतो. पिन टोचू नोका, जाळी फाटते.

न ताईनं उन्हाचं लिहिलं, ते आमच्याइकडेबी होते. उन्हात वेगळंच वागते हे मशीन.

दुरुस्ती_टेबल

दोघांचं बरोबर आहे. उन्हात पण भरपूर इन्फ्रारेड असतो, सेन्सरचा पकडणारा ठिपका त्याने भांबावतो, म्हणून उन्हात एक आणि घरात एक असं होतं. ते पाहून आजार बरा झाला असं समजू नका, टेस्ट नेहमी सावलीत करायची. आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की फोन तापून स्क्रीन आपोआप मंद होते, ती वेगळी गोष्ट, ती कॉल नसतानाही होते. त्याचा या सेन्सरशी संबंध नाही, फोन सावलीत ठेवला की उतरते.

ताई, तुमचा डिस्प्ले बदलला आहे म्हणजे तुमचं गणित खरंच वेगळं आहे. सेन्सरच्या भोवती एक काळं रबर असतं, करंगळीच्या नखापेक्षा लहान. दोन ठिपक्यांच्या मध्ये भिंत म्हणून ते काम करतं, म्हणजे फेकलेला उजेड आतल्या आतच दुसऱ्या ठिपक्यात जाऊ नये. जुना डिस्प्ले काढताना ते रबर त्यालाच चिकटून निघून जातं आणि घाईत कचऱ्यात जातं. नवीन फोल्डरला ते येतंच असं नाही. दुसरं कारण, कॉपी फोल्डर. ओरिजिनल काचेत सेन्सरच्या जागी जी काळी शाई असते ती इन्फ्रारेड आरपार सोडते, दिसायला काळी पण उजेड जाऊ देणारी. स्वस्त कॉपीमध्ये साधी शाई मारलेली असते, उजेड तिथेच अडतो आणि परत फिरतो. तिसरं, गोंद. फोल्डर चिकटवताना गोंद जास्त झाला की तो त्या खिडकीत उतरतो. तुम्ही मास्तरांची टेस्ट करा, उजेड पसरलेला दिसला तर रबर किंवा गोंद.

धुऱ्यावरून

एक विचारतो, सेन्सर बंद कराचं ॲप मिळते म्हणतात, ते टाकलं तं? न दुसरं, एका जणानं मले सांगतलं का पेट्रोलच्या बोळ्यानं पुसा.

दुरुस्ती_टेबल

पेट्रोल नको, थिनर तर मुळीच नको. काचेवरचा तेल न चिकटणारा थर जातो आणि कडेचं रबर फुगतं. चष्म्याचं मऊ फडकं कोरडंच वापरा, फार चिकट झालं असेल तर फडक्यावर, फोनवर नाही, फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब.

ॲपचं असं आहे की साधं ॲप फोनच्या स्वतःच्या कॉलमधला सेन्सर बंद करू शकत नाही. तसं म्हणणारी ॲप कॉन्टॅक्ट, कॉल, मेसेज सगळ्याची परवानगी मागतात आणि जाहिराती दाखवत बसतात. ज्या फोनवर बँकेचा ओटीपी येतो त्याच्यावर ती टाकू नका, हे मी कळकळीने सांगतो.

हां, काही फोनमध्ये कंपनीनेच सोय दिलेली असते. शाओमीच्या स्वतःच्या डायलरमध्ये कॉल सेटिंगच्या आत येणाऱ्या कॉलच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सिमिटी सेन्सर म्हणून बटण आहे, ते बंद करता येतं. गूगलचं फोन ॲप असेल तर तिथे ते नाही. बंद केलं तर बोलताना स्क्रीन चालू राहील, मग गाल लागणार नाही असा फोन धरायचा.

जे सगळ्यांना उपयोगी पडेल ते म्हणजे पॉवर बटणाने कॉल बंद करायची सोय. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणजे सुलभतेच्या भागात असते, काही फोनमध्ये कॉल सेटिंगमध्येच. ती चालू केली की स्क्रीन काळी असली तरी बाजूचं बटण दाबून कॉल कट होतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनला मी ती चालूच करून देतो. पण त्यांना नीट सांगून ठेवा, नाहीतर उजेड यावा म्हणून बटण दाबतात आणि बोलणं मधेच तुटतं.

आणि ज्यांच्या फोनवर वरचा भाग झाकू नका असा मेसेज येऊन फोन उघडतच नाही, तोही याच सेन्सरचा खेळ. तो पॉकेट मोड, खिशात चुकून बटणं दाबली जाऊ नयेत म्हणून दिलेला. आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर एकत्र दाबलं की शाओमीवर निघतो, मग सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका.

पऱ्हाटीवाला

राजेहो, झालं! काल रात्री टेस्ट केली, हात लांब धरला तरी ०, जवळ नेला तरी ०. मंग बायकोनं केस वाळवाच्या मशीननं काच जराशी कोमट केली, एका कोपऱ्यातून जुना एटीएम कार्डाचा तुकडा घातला, जे बँकेनं बंद केलं तेच कार्ड हो, घरातच गाद्यांच्या मधात सापडलं नंतर. काच अर्ध्यातून तडकली पण निघाली. खाली पाहतो तं स्पीकरच्या जोळ काळी पट्टी पुरी ठिपक्यावर आलेली न तिच्याखाली रुईचा एक धागा, डोक्याच्या केसाएवढा. पुसलं. टेस्ट केली तं ५. हात आणला ०, नेला ५. मी तीस-चाळीस डाव करून पाह्यलं, पोरगं म्हणे बाबा आता बस करा.

सकाळी बहिणीले लावला पुसदले. कानाले लावला तं काळी, काढला तं उजेड. मीच कट केला.

बिना काचेचा फोन वापराची भीती वाटते, वावरात हातातून सुटते. नवी कोणती लावू?

दुरुस्ती_टेबल

मनापासून आनंद झाला भाऊ. २,८०० वाचले.

नवीन लावताना बॉर्डर नसलेली, पूर्ण पारदर्शक घ्या, किंवा वरच्या बाजूला स्पीकर आणि सेन्सरसाठी मोठी खाच असलेली, तुमच्याच मॉडेलची. यूव्ही गोंदवाली, म्हणजे खास दिव्याखाली गोंद वाळवून बसवतात ती काच नको, तो पातळ गोंद जाळीतून आत उतरतो, मग आवाज पण जातो आणि सेन्सर पण. लावून झाली की दुकानातून हलायच्या आधी तिथेच कॉल लावून पाहा, हातात फोन धरून, स्क्रीन चालू राहिली तरच पैसे द्या. मी माझ्या गिऱ्हाइकांना हे स्वतः सांगतो.

नवीन काच लावल्यावर आकडा थोडा डळमळला तर शाओमीच्या त्याच टेस्ट मेनूत प्रॉक्सिमिटी कॅलिब्रेशन आहे, ते काच लावलेली असतानाच करायचं, समोर हात न धरता. काच स्वतःच थोडा उजेड परत फेकते, तेवढा वजा करायला फोन त्यात शिकतो. काच काढून कॅलिब्रेट केलं आणि मग काच लावली तर पुन्हा पहिल्यासारखं होईल.

आशा_कामावर

दादा, मी रात्री केली टेस्ट. भाच्याच्या फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून पाहिलं. जांभळा उजेड आहे, पण एका ठिकाणी नाही, स्पीकरच्या पूर्ण पट्टीत पसरल्यासारखा दिसतो, ढगाआडून चंद्र दिसावा तसा. ॲपमध्ये आकडा ० च आहे. पॉवर बटणाचं सेटिंग करून घेतलं, निदान कट तरी करता येतो. आणि इअरफोन आता पिशवीतच ठेवते, लसीकरणाच्या डब्याबरोबर.

ज्याने डिस्प्ले बदलला त्याला विचारलं तर तो म्हणतो की आता पुन्हा उघडायचे ५०० लागतील. द्यावे का?

दुरुस्ती_टेबल

ताई, पसरलेला उजेड म्हणजे रबर नाही किंवा सरकलं आहे, माझी जवळजवळ खात्री आहे. त्याला भांडून नाही, शांतपणे सांगा की डिस्प्ले बसवला तेव्हापासून हे आहे, सेन्सरचं रबर तपासून द्या. पुन्हा फोल्डर बदलायला सांगितलं तर हो म्हणू नका, आधी रबर. रबर जुन्या मेलेल्या फोनमधून काढलं तरी चालतं, त्याच मॉडेलचं पाहिजे. उघडताना तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि चिकटवायच्या आधी, फोल्डर नुसता ठेवून, सेन्सरची टेस्ट करायला लावा. आधी चिकटवलं आणि मग पाहिलं तर पुन्हा उघडावं लागतं आणि दर वेळी उघडताना डिस्प्ले फुटायची भीती असते.

नाही ऐकलं तर दिग्रसला या किंवा येणाऱ्या कोणाबरोबर पाठवा, सकाळी दिलात तर दुपारच्या एसटीने परत जाईल. रबराचे पैसे मी घेत नाही. डबा भरून ठेवलाय.

आशा_कामावर

सोमवारी यवतमाळला मीटिंग आहे, मंगळवारी येते. दोन बायकांच्या तारखा या आठवड्यातल्या आहेत, म्हणून फोन सोडून राहता येणार नाही, समोर बसूनच करून घेईन.

दुरुस्ती_टेबल

या. त्या मॉडेलचं रबर आजच काढून ठेवतो.